रायबंदरचा सामाजिक वारसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायबंदरमधील आम्ही काही रहिवासी दरवर्षी जुनी छायाचित्रे, अवजारे आणि घराघरांतल्या आठवणी यांचे एक लहानसे प्रदर्शन भरवतो. ते जवळ आले की तेच प्रश्न पत्रांतून, फोनवरून आणि कित्येकदा फेरीबोटीत उभ्या उभ्याही विचारले जातात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, येथे उत्तरांसह दिले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक नोंदवला आहे.

१. रायबंदर नेमके कुठे आहे? ते गाव आहे की पणजीचा भाग?

गोव्यात मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर, पणजी आणि जुने गोवे यांच्या मधोमध रायबंदर वसलेले आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चिंबलकडे चढत जाणारी टेकडी आणि या दोहोंमध्ये चिंचोळ्या पट्टीत, रस्त्याला धरून बांधलेली घरे अशी त्याची रचना आहे. कारभाराच्या दृष्टीने ते पणजी महानगरपालिकेच्या क्षेत्रात येते, म्हणून त्याला उपनगर म्हणणे योग्यच आहे. परंतु येथील जुनी माणसे अजूनही पणजीला निघताना ‘शहरात जाऊन येतो’ असे म्हणतात आणि त्या बोलण्यातून ही वस्ती स्वतःला काय समजते ते कळते.

२. ‘रायबंदर’ या नावाचा अर्थ काय?

राय म्हणजे राजा. रायबंदर म्हणजे राजाचे बंदर, असा अर्थ परंपरेने सांगितला जातो. पोर्तुगीज येण्यापूर्वी मांडवीच्या काठाने व्यापार चालत होता, त्याची खूण या नावात राहिली आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत ते ‘रिबंदर’ असे लिहिले गेले आणि इंग्रजी पाट्यांवर तेच रूप टिकले. मराठीत लिहिताना ‘रायबंदर’ हेच लिहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

३. राजधानी आधी जुन्या गोव्यात होती, नंतर पणजीला आली. मग रायबंदरला मोठी घरे कशी?

राजधानी एका रात्रीत हलली नाही. साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडू लागले तसे सरदार, अधिकारी आणि सधन कुटुंबे नदीकाठाने पश्चिमेकडे सरकू लागली. व्हाइसरॉयचे निवासस्थान १६९५ मध्ये जवळच्या पणेलीला आले, १७५९ मध्ये ते पणजीच्या आदिलशाही वाड्यात गेले आणि १८४३ मध्ये पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा दर्जा मिळाला. या दीड शतकाच्या काळात पणेली आणि रायबंदर हे राजधानीच्या वाटेवरचे मुक्काम होते. रस्त्यालगतच्या, चिऱ्यांनी बांधलेल्या, लांबलचक माजघरांच्या घरांची परंपरा त्या काळातली आहे. आज दिसणारी मंगळुरी कौले मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, त्याआधी छपरांवर नळे, म्हणजे अर्धगोल देशी कौले, असत.

मात्र मोठ्या घरांबरोबर त्यांतले स्वयंपाकी, धोबी, सुतार, गवंडी, होडीवाले, मिठागरांत राबणारे आणि पाव भाजणारे पोदेरही येथे वसले. त्यांची घरे मागच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी किंवा खाजनाच्या (प्रश्न ७) कडेला असत. आमच्या प्रदर्शनात पुढच्या आणि मागच्या घरांना आम्ही सारखीच जागा देतो.

४. पणजीहून येताना दोन्ही बाजूंना पाणी असलेला जो लांब सरळ रस्ता लागतो, तो किती जुना आहे?

तो १६३३-३४ मधला आहे. त्या वेळचे व्हाइसरॉय दों मिगेल द नोरोन्हा हे लिन्यारिशचे काउंट होते, म्हणून त्याला ‘पोंती द लिन्यारिश’ असे नाव पडले. लांबी सुमारे तीन किलोमीटर. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये पूर्वी दलदल आणि खारफुटी असल्यामुळे जा-ये मुख्यतः होडीनेच होत असे; दलदलीत भर घालून, चिऱ्यांच्या भिंती उभारून आणि भरती-ओहोटीचे पाणी खालून खेळते राहावे म्हणून कमानी ठेवून हा रस्ता बांधण्यात आला. लोक त्याला पाटो म्हणतात आणि पणजीतला पाटो हा भाग त्याच्याच टोकाशी आहे.

पोर्तुगालच्या उमरावाचे नाव त्याला मिळाले. परंतु चिखलात उभे राहून तो बांधणारे हात येथल्या मातीतले होते. ओहोटीच्या वेळी पाट्यावरून चालत गेलात, तर कमानींच्या तोंडाशी पाणी कसे खेचले जाते ते दिसते. पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांना नदीचे वागणे किती नेमके ठाऊक होते, हे त्या एका दृश्यावरून समजते.

५. रायबंदरची मिठागरे म्हणजे काय? मीठ तेथे कसे तयार होत असे?

हा आम्हाला सर्वांत प्रिय असलेला प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

मिठागर म्हणजे भरतीचे खारे पाणी अडवून उन्हावर आटवण्याची शेते. पावसाळ्यात ती पाण्याखाली असतात. पाऊस सरल्यावर पाणी काढून टाकतात, बांध दुरुस्त करतात, तळाचा चिखल पायांनी तुडवून आणि चोपून घट्ट करतात. मग भरतीचे पाणी प्रथम बाहेरच्या मोठ्या कप्प्यात घेतात, तेथे ते काही दिवस तापून दाट होते आणि त्यानंतर आतल्या उथळ वाफ्यांत सोडतात. वाफ्यात पाण्यावर पांढरी साय धरते, ती जड होऊन खाली बसते आणि तेच मीठ लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने अलगद ओढून बांधावर काढतात. फावडे खोल गेले तर चिखल मिसळतो आणि वर राहिले तर मीठ सुटत नाही; सारे कसब मनगटात असते. हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंतचा. वळवाची एकच सर पडली तरी आठवड्याचे काम विरघळून जाते, म्हणून मे महिन्यात या लोकांची नजर सतत आभाळावर असे.

आमच्या प्रदर्शनात एकदा असे एक जुने फावडे टेबलावर ठेवले होते. एक आजी आल्या, काही न बोलता त्यांनी ते उचलले आणि दांडा जेथे घासून गुळगुळीत झाला होता नेमक्या तेथेच त्यांचे दोन्ही हात बसले. शेजारी आम्ही लिहिलेली माहितीची पाटी त्यांनी वाचली नाही. तिची त्यांना गरजही नव्हती. त्या दिवसापासून अवजारे काचेत बंद करायची नाहीत, असा आम्ही नियम केला.

हे मीठ जाडसर आणि किंचित राखी असते, कारण त्याला खाजनातल्या मातीचा अंश लागतो. पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंताच्या खरेदीत, म्हणजे चार महिन्यांच्या बेगमीत, मिठाचा मान पहिला असे. कैऱ्या मिठात घालणे, मासळी खारवणे, सोले (आमसुले) करणे ही सगळी कामे त्यावरच अवलंबून असत.

६. मिठागरे बंद का पडली? ब्रिटिशांशी त्याचा संबंध होता असे ऐकले आहे, ते खरे का?

संबंध होता, पण तेवढेच एक कारण नव्हते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानुसार गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. तो १८८० पासून १८९२ पर्यंत अमलात होता आणि त्या काळात गोव्यातील मीठ-व्यवसायाला जबर फटका बसला. गंमत नव्हे, तर दुःखाची गोष्ट अशी की मुरगावच्या रेल्वेशी निगडित म्हणून हा करार इतिहासात प्रगतीच्या प्रकरणात लिहिला जातो. मिठागरांतल्या माणसांना त्याची किंमत काय पडली, हे क्वचितच कोणी लिहिते.

पुढच्या काळातली कारणे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत : परराज्यातून येणारे स्वस्त मीठ, उन्हात राबण्यास तयार नसलेली आणि त्यासाठी दोष देता येणार नाही अशी पुढची पिढी, फुटलेले आणि वेळेवर न बुजवलेले बांध. बांध एकदा फुटला की काय होते, यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

७. खाजन, मानस हे शब्द पुष्कळ वेळा येतात. त्यांचा अर्थ सांगाल का?

खाडी आणि नदी यांच्या कडेची, भरतीच्या पातळीहून सखल जमीन बांध घालून कमावलेली असते; तिला खाजन म्हणतात. बांधात पाण्याची ये-जा राखण्यासाठी लाकडी झडपांचे दार असते, ती मानस. ओहोटीला आतले पाणी रेटा देऊन झडप उघडते आणि भरतीला बाहेरचे पाणी ती मिटवते. एकाच खाजनात भात, मासळी आणि मीठ अशी तीन उत्पन्ने निघू शकतात. ही व्यवस्था पोर्तुगीजांच्याही पूर्वीची असून गावच्या गावकारीने, म्हणजे पुढे ज्यांना कोमुनिदाद म्हटले गेले त्या ग्रामसंस्थांनी, सामुदायिक श्रमांतून ती सांभाळली. बांध फुटून खारे पाणी आत शिरले आणि ते वेळीच बाहेर काढले नाही, तर काही वर्षांतच तेथे खारफुटी माजते आणि जमीन पुन्हा शेतीखाली आणणे कठीण होऊन बसते.

८. रायबंदरचे चोडणशी नाते एवढे जवळचे का?

कारण रायबंदरचा धक्का हे चोडण बेटाचे दार आहे. दूध, भाजी, मासळी, शाळेची मुले, नोकरदार आणि लग्नाची वऱ्हाडे असे सगळे याच धक्क्यावरून येत-जात आले आहे. फेरीबोटी येण्यापूर्वी होड्या होत्या आणि त्या वल्हवणाऱ्या तारींना भरती, वारा आणि प्रवासी या तिघांचीही नस ठाऊक असे. ५ जुलै १९८६ रोजी पणजी-बेतीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा पूल नसताना नदी कशी ओलांडायची हे फेरीबोटींनीच सगळ्या गोव्याला पुन्हा दाखवून दिले.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले, १७८ हेक्टरांचे, जवळजवळ सगळे खारफुटीचे. पर्यटक येथून तेथे जातात आणि परत जातात. रायबंदरच्या धक्क्यावर पाच मिनिटे थांबून त्यांनी लाटांचा आणि बोटीच्या फळीचा आवाज ऐकावा, एवढीच इच्छा.

९. आमच्या परिसरात फार जुनी देवळे का दिसत नाहीत? आमचे कुलदैवत तर फोंड्यात आहे.

तिसवाडीतील, म्हणजे रायबंदर ज्यात येते त्या तालुक्यातील, देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि अनेक देवतांच्या मूर्ती भक्तांनी नदीपार, त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या प्रदेशात नेल्या. समोरच्या दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्व्याला गेला, तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. चोडणचा देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलला स्थिरावला. म्हणून तिसवाडीतल्या कित्येक कुटुंबांचे घर नदीच्या या बाजूला आणि देव त्या बाजूला, अशी स्थिती आजही आहे. पणजीत महालक्ष्मीचे मंदिर उभारण्यास परवानगी मिळाली ती थेट १८१८ मध्ये. जत्रेला माणसे नदी ओलांडून जातात, तेव्हा पूर्वजांनी मूर्ती घेऊन केलेला प्रवासच ती पुन्हा करत असतात. उपनगराचा वारसा सांगताना त्याच्या सीमेबाहेरचा हा भागही सांगावा लागतो.

१०. रायबंदरचे चर्च किती जुने आहे?

नोसा सेन्योरा द अजुदा, म्हणजे साहाय्यमातेचे हे चर्च १५६५ चे असून १६६६ मध्ये ते पुन्हा बांधण्यात आले. नदीवर जगणाऱ्या वस्तीने ‘साहाय्य करणारी माता’ आपली मानली, यात नवल नाही.

११. मोठे जुने इस्पितळ होते, तेथे नंतर कॉलेज होते ना?

होय. नदीकाठची ती इमारत इस्पितळाची होती आणि १९९३ मध्ये सुरू झालेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही संस्था साखळीजवळच्या नव्या जागेत जाण्यापूर्वी तेथे चालत असे. या इस्पितळात जन्मलेली किंवा नोकरी केलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांनी आठवणी सांगाव्यात. कशा नोंदवाव्यात ते प्रश्न १४ मध्ये दिले आहे.

१२. रायबंदर किंवा फोंतेन्हास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे का?

नाही. १९८६ मध्ये जी नोंद झाली, ती जुन्या गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंटची आहे. पणजीतला फोंतेन्हास भाग किंवा रायबंदर तिच्यात येत नाही, जरी तसे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. आमच्याही पहिल्या पत्रकात ही चूक होती आणि ती एका शाळकरी मुलीने दाखवून दिली. यादीत नाव नसल्याने आपल्या घरांची किंमत उणावत नाही, मात्र चुकीचे सांगितल्याने सांगणाऱ्यावरचा विश्वास नक्की उणावतो.

१३. घरात जुने फोटो आणि कागद आहेत. तुम्हाला द्यायचे आहेत, काय करावे?

कृपया मूळ वस्तू देऊ नका. आम्ही स्कॅनर घेऊन तुमच्या घरी येतो, तुमच्यासमोर प्रती घेतो आणि मूळ वस्तू तुमच्याच कपाटात राहते. एकदा मोठ्या छपाईसाठी बाहेर दिलेला एका कुटुंबाचा अल्बम तेथे पाण्याने भिजला आणि त्यातली लग्नाची छायाचित्रे कायमची गेली. त्या घरच्या काकूंनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, म्हणून ते अधिक लागले.

घरी जपताना छायाचित्रांना प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नये. चिकट पानांच्या अल्बममधली छायाचित्रे हलक्या हाताने सोडवून कागदी पाकिटांत ठेवावीत. नावे आणि वर्ष मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने नव्हे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लोखंडी ट्रंकेपेक्षा हवा खेळणारे लाकडी कपाट बरे आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, सगळे बाहेर काढून सावलीत पसरावे. मुंबईत राहिलेल्या नातेवाइकांनाही विचारावे. धोबी तलावाच्या आसपासच्या गावोगावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासांत, राहिलेल्या खलाशांच्या पेट्यांत गावची छायाचित्रे मिळतात.

१४. आजी-आजोबांच्या आठवणी नोंदवायच्या आहेत. कुठून सुरुवात करावी?

‘तुमच्या काळी कसे होते?’ असे विचारू नये. त्यावर ‘बरे होते’ एवढेच उत्तर येते. वस्तू हातात द्यावी किंवा नेमके विचारावे : मीठ कोणाकडून घेत होता, ते कशाने मोजून देत, पहिल्या फेरीबोटीला कोण कोण असे, गोवा मुक्त झाला त्या एकोणीसशे एकसष्टच्या डिसेंबरात घरात काय शिजले होते. एका बैठकीत तासाहून अधिक वेळ घेऊ नये. बोलणे कोंकणीत असेल तर कोंकणीतच उतरवावे. मराठी भाषांतर शेजारी द्यावे, पण मूळ शब्द पुसू नयेत, कारण मिठागरातल्या कित्येक शब्दांना दुसरा शब्दच नाही. शेवटी लिहिलेले वाचून दाखवावे आणि मगच संमतीची सही घ्यावी. वाचून दाखवताना ‘हे नको’ असे म्हटले, तर ते वाक्य तेथेच खोडावे.

१५. आमच्या घराण्याच्या नोंदी कुठे मिळतील? आम्हाला पोर्तुगीज येत नाही.

गोव्यात सर्वांसाठीची नागरी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १९१४ पासूनची मिळते, ती निबंधक कार्यालयांत पाहावी. ख्रिस्ती कुटुंबांसाठी त्याआधीची बाप्तिस्म्याची पुस्तके असतात, हिंदू कुटुंबांसाठी देवस्थानांच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांच्या, याद्या उपयोगी पडतात. त्याहून जुन्या कागदांसाठी पणजीचे पुराभिलेख खाते आहे. त्याची सुरुवात १५९५ मधली. १८३२ मध्ये स्थापन झालेले आणि आता पाटो येथे असलेले कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय जुन्या वर्तमानपत्रांसाठी उत्तम आहे. पोर्तुगीज वाचणारी ज्येष्ठ माणसे अजून आपल्या शेजारी आहेत. एखादे पान घेऊन त्यांच्याकडे जावे. त्यांना कोणी विचारायला येत नाही, हेच त्यांचे दुःख असते.

१६. आम्ही दहा वर्षांपूर्वी येथे राहायला आलो. आम्हाला या वारशात स्थान आहे का?

आहे. ही वस्तीच निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या माणसांनी बनली (प्रश्न ३). तुम्ही येथे का आलात आणि पहिल्या पावसाळ्यात काय पाहिलेत, ते लिहून द्या. आम्ही ते तारखेसह ठेवतो.

१७. भाटकार-मुंडकार, जात असे विषय प्रदर्शनात आणावेत का? लोक दुखावतात.

आणावेत. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार, आणि त्याला घरातून काढता येऊ नये यासाठीचा कायदा १९७५ मध्ये झाला. त्याआधीच्या पिढ्या कशा भीतीत राहिल्या, हे वगळून उपनगराचा सामाजिक इतिहास लिहिता येणारच नाही. मात्र व्यक्तींची नावे न घेता व्यवस्था सांगावी, दोन्ही घरांतली माणसे आज एकाच फेरीबोटीत असतात याचे भान ठेवावे आणि ज्यांनी सोसले त्यांचे शब्द आधी मांडावेत.

१८. घरमालकाला घराचे छायाचित्र लावणे मान्य नाही, पण घर रस्त्यावरून दिसते. लावता येईल का?

आम्ही लावत नाही. घर रस्त्यावरून दिसते म्हणून त्यातली माणसे प्रदर्शनाची होत नाहीत. अशा वेळी त्या घराच्या बांधणीतले एखादे वैशिष्ट्य, जसे शिंपल्यांची तावदाने किंवा बल्कांवाची, म्हणजे दारापुढच्या ओसरीची, दगडी बैठक, दुसऱ्या संमती दिलेल्या घरातून दाखवावे. एका घरमालकांनी तीन वर्षे नकार दिला. चौथ्या वर्षी स्वतः येऊन, वडिलांनी काढलेला पाट्याचा (प्रश्न ४) फोटो टेबलावर ठेवला. त्यात भरतीचे पाणी कमानींच्या वरच्या दगडाला टेकलेले आहे आणि रस्त्यावर छत्री धरून एक मुलगा उभा आहे. तो मुलगा तेच होते.

१९. घर पाडले गेले असेल आणि छायाचित्रही नसेल तर?

शेजाऱ्यांना सोबत घेऊन जमिनीवर खडूने घराचा आराखडा काढावा : दार कुठे, तुळस किंवा खुरीस (क्रूस) कुठे, विहीर कुठे, चूल कुठे. वाद होतात, कोणी खडू हातातून काढून घेते, कोणी रेघ पुसून दोन हात पलीकडे ओढते. सगळ्यांचे एकमत झाल्यावर त्या आराखड्याचा फोटो काढून, सांगणाऱ्यांच्या संमतीने त्यांची नावे खाली लिहावीत. अशा पद्धतीने नोंदवलेली घरे आमच्याकडे छायाचित्रांच्याच फाइलीत ठेवली जातात.